सहा पायांचं तळं

१

शाळा सुटली की मी घरी न जाता आत्याच्या ऑफिसात जाते. घरी काही काढायला बसलं की पिट्टी येते. पिट्टी माझी धाकटी बहीण, चार वर्षांची. मी रेघ ओढत असले की ती पेन्सिलीचं टोक मुठीत पकडते आणि काही केल्या सोडत नाही.

"सोड," मी म्हणते.

"आधी तू सोड."

शेवटी मलाच सोडावी लागते, कारण आई आतून म्हणते, "अगं, तू मोठी ना?"

आत्याचं ऑफिस नकाशांचं आहे. लांबट खोली, भिंतीलगत लोखंडी कपाटं आणि त्यांचे रुंद, उथळ कप्पे. नकाशे उभे ठेवत नाहीत, झोपवून ठेवतात. मधोमध एक टेबल आहे. त्याला वरून दुधी काच आणि खाली ट्यूबलाइट. खालचा नकाशा उजळतो आणि वरच्या ट्रेसिंग पेपरवर तो उतरवून घेता येतो. तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही, त्यामुळे मी गप्प राहिले तरी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. वर्गात येतं.

आत्याच्या समोर भिंगकाका बसतात. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण गळ्यात दोरीने भिंग बांधलेलं असतं म्हणून सगळे भिंगकाकाच म्हणतात. चाळीस वर्षं ते नकाशांच्या नकला करत आले आहेत. चहासुद्धा भिंगातून बघून पितात.

"माशी पडलेली असली तर?" ते म्हणतात.

"आणि पडलेली असली तर तिचंही चित्र काढाल," आत्या म्हणते.

"काढणारच. जे दिसतं ते काढायचं. मनाचं घालायचं नाही आणि मनाने गाळायचंही नाही."

माझं काम शाळेच्या प्रकल्पाचं होतं. आमच्या गावाचे चार नकाशे घ्यायचे, एक एकशे दहा वर्षांपूर्वीचा, एक सत्तर वर्षांपूर्वीचा, एक तीस वर्षांपूर्वीचा आणि एक गेल्या वर्षीचा. चारही एकाच मापाचे. प्रत्येक वेगळ्या ट्रेसिंगवर उतरवायचा, शेत हिरवं, पाणी निळं, वस्ती लाल, कारखाने जांभळे, आणि मग चारही कागद एकमेकांवर ठेवायचे. शेताच्या जागी गिरणी आली, गिरणीच्या जागी चार मजली घरं आली, हे बोटाने कागद उचलत पाहता येतं. मला ते फार आवडायचं. आत्याने माझे कागद साहेबांना दाखवले आणि साहेब म्हणाले की शाळांसाठी असा एक तक्ता छापूच. नुसत्या रेघा छापायच्या, रंग मुलांनी भरायचे. मी पेन्सिलीने काढायचं आणि भिंगकाकांनी शाईने गिरवायचं.

बाबांनी ही गोष्ट तीन वेळा फोनवर नातेवाइकांना सांगितली. मी आतल्या खोलीत जाऊन बसले. पण दार थोडं उघडं ठेवलं होतं.

२

चुकीची गोष्ट मला दुसऱ्या कागदावर दिसली.

गावाच्या उत्तरेला एक तळं होतं. लंबगोल, एका टोकाला निमुळतं. त्यातून सहा ओढे बाहेर पडत होते, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. ओढे उतारावरून वाहतात आणि एकाच दिशेला जातात, हे आम्हाला सातवीतच शिकवलं होतं. हे सहाही तळ्यातून निघून, मध्ये एकदा कोपरासारखे वाकून, कुठेच न पोहोचता संपत होते.

तिसऱ्या आणि चौथ्या कागदावरही ते होतं. चौथ्यावर त्याच्या चारी बाजूंना गोदामं होती, पण ती जागा सोडून.

पहिल्या, सगळ्यांत जुन्या नकाशावर मात्र तळं नव्हतं. तिथे डाग होता.

मी मूळ नकाशा टेबलावर घेतला आणि वाकून पाहिलं. कागदावर कधीतरी एक माशी चिरडली गेली होती. मोठी, गुरांवर बसते तशी. पोट फुटून तपकिरी पाणी पसरलं होतं, त्याचा लंबगोल वाळला होता आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन पाय चिकटून राहिले होते. पायांवरचे केससुद्धा दिसत होते. एकशे दहा वर्षं झाली होती, तरी डागाचा मधला भाग चकाकत होता. मी वास घेतला. का घेतला कुणास ठाऊक. फडकं ओलं राहून कुजतं तसा वास होता, आणि त्याच्या मागे काहीतरी गोड.

"आत्या," मी म्हणाले, "हे तळं म्हणजे माशी आहे."

आत्या आली, पाहिलं आणि हसली. "घ्या! भिंगकाका, तुमचा कुणी पूर्वज दिसतोय. ज्याने दुसरा नकाशा केला त्याने पहिल्याची नक्कल करताना माशीही उतरवली."

"नकलाकाराने शंका घ्यायची नसते," भिंगकाका म्हणाले.

"पण तिसरा नक्कल नाही," मी म्हणाले. "खाली लिहिलंय. जागेवर जाऊन मोजून केलाय. आणि चौथा तर विमानातून काढलेल्या फोटोंवरून केलाय. मग त्यांना तळं कुठून दिसलं?"

मी एका दमात इतकं बोलत नाही. आत्या माझ्याकडे बघत राहिली. भिंगकाकांनी कप उचलला, भिंगातून आत पाहिलं आणि न पिता खाली ठेवला.

"थंड झाला," ते म्हणाले.

ते गेल्यावर मी खोलीतले दिवे मालवून फक्त काचेखालची ट्यूबलाइट ठेवली. उजेड डागातून आरपार आला. डागाच्या खाली छापलेलं दिसलं. एक विहीर, आणि तीन घरांचे तीन काळे चौकोन.

३

रविवारी सकाळी मी बाबांना म्हटलं, मला एक जागा बघायची आहे. मी कधी काही मागत नाही, त्यामुळे बाबांनी लगेच स्कूटर काढली. पिट्टी पुढे उभी राहिली.

गोदामांच्या मागे एक पायवाट होती. टोकाला पंक्चरचं दुकान आणि त्याच्यापलीकडे तळं. ऊन लख्ख होतं. पाण्यावर दुधावर येते तशी साय होती, पण तपकिरी, आणि ती वाऱ्याशिवाय सावकाश वर येत होती, खाली जात होती. कडेने सहा घळी निघाल्या होत्या. घळींच्या दोन्ही काठांवर राठ काळं गवत उगवलं होतं, विरळ, ताठ, सगळं एकाच कोनात वळलेलं.

वास तोच होता. फडक्याचा, आणि मागून गोड.

"वा!" बाबा नाकाला रुमाल लावून म्हणाले. "आमच्या लेकीने सहलीसाठी काय ठिकाण शोधलंय!"

पंक्चरवाला हसला. "आजोबांच्या वेळेपासून आहे साहेब. किती गाड्या माती टाकली भरायला. खाऊन टाकतं."

"इथे पूर्वी घरं होती का?" मी विचारलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की बाबांनी प्रश्न पुन्हा मोठ्याने विचारला.

"घरं? छे! इथे कोण राहणार?" तो टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मग मान वर न करता म्हणाला, "पण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की रहाटाचा आवाज येतो. विहिरीचा असतो ना, तसा. आवाज कुठूनही येतो म्हणा."

पिट्टीने खडा उचलून पाण्यात टाकला. आवाज झाला नाही. खडा सायीवर बसला, क्षणभर राहिला आणि मग आतून ओढून घेतल्यासारखा गेला.

"अजून एक," पिट्टी म्हणाली. मी तिचा हात धरून तिला ओढतच स्कूटरपर्यंत आणलं.

४

आता जे लिहायचं आहे ते लिहायची मला लाज वाटते.

माझ्या हनुवटीवर पुटकुळ्या येतात. हात लावू नको असं आई रोज सांगते. पण विचार करताना माझं बोट आपोआप तिथे जातं. त्या गुरुवारी मी छापायचा चौथा कागद पूर्ण करत होते, गेल्या वर्षीचा. आमची गल्ली काढून झाली होती. आमचं घर तांदळाच्या दाण्याएवढं आलं होतं. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली, जिथे मी आणि पिट्टी झोपतो, हे सगळं त्या एका दाण्यात. मी ते बघत होते आणि बोट हनुवटीवर होतं. नखाखाली काहीतरी फुटलं.

थेंब खाली पडला. पिवळट पांढरा, मध्ये रक्ताची रेघ. दाण्याच्या मागच्या टोकावर पडला.

मी रुमालाने टिपायला गेले आणि तो पसरला. गोल डाग, आणि रुमाल जिकडे ओढला तिकडे, गल्लीच्या दिशेने, एक शेपूट.

तेवढ्यात आत्याने हाक मारली, "झालं का गं? उद्या काका गिरवायला घेतील."

"झालं," मी म्हणाले.

मी सांगायला हवं होतं. एक कागद बदलला असता. पण मग कशाचा डाग, कसा पडला, हे सगळ्यांसमोर आलं असतं आणि भिंगकाकांनी तो भिंगातून पाहिला असता. नुसत्या विचारानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कागद गुंडाळून दिला आणि घरी येऊन साबणाने तीन वेळा तोंड धुतलं.

सोमवारी गेले तर भिंगकाकांच्या टेबलावर माझा कागद शाईने गिरवून वाळत होता. आमच्या घराचा दाणा दिसत नव्हता. त्या जागी एक गोल आणि त्याची शेपूट, आत पाण्याच्या आडव्या रेघा. बारीक, सुरेख, एकही न थरथरलेली.

"तू नुसतंच ठेवलं होतंस," भिंगकाका म्हणाले. "पाण्याची खूण करायची विसरलीस. मी घातली."



५

मंगळवारी सकाळी आईला मागच्या खोलीत ओल सापडली. पिट्टीच्या पलंगाखाली, गोल. एक पट्टा दाराखालून गल्लीकडे गेला होता.

प्लंबर आला. त्याने फरशीला कान लावला, हातोडी वाजवली. "वहिनी, इथून पाइपच जात नाही."

"मग पाणी काय आभाळातून आलं?"

"पाणी नाही हे," तो म्हणाला आणि बोट पँटला पुसलं. मग पुन्हा पुसलं. मग नळावर जाऊन हात धुतला. तो चहाला थांबला नाही.

मी शाळेतून आले तोवर मधली फरशी वर आली होती. फुटली नव्हती, फुगली होती. मी पाय ठेवला तर ती दबली आणि पाय काढल्यावर सावकाश परत वर आली. कोमट होती. फुगवट्याच्या टोकाला फरशीचा रंग पांढुरका पिवळा झाला होता आणि कडा लालसर. मला ते काय आहे हे पाहताक्षणी कळलं. आरशात मी ते रोज बघते.

आईने पलंग भिंतीकडे सरकवला. मी म्हटलं, "पिट्टीला पुढच्या खोलीत झोपवू."

"पुढे बाबांचं सामान आहे. दोन दिवस काढा गं, गवंडी येतोय."

पिट्टी एका पायात चप्पल घालून फिरत होती.

"दुसरी कुठे?"

"त्याने घेतली."

"कुणी?"

तिने पलंगाखाली बोट दाखवलं. "मी खेचली. मी म्हटलं सोड. तो बोललाच नाही."

त्या रात्री मी तिला माझ्याजवळ भिंतीच्या बाजूला घेऊन झोपले आणि बुधवारी शाळा बुडवून थेट ऑफिसात गेले.

६

आत्या मीटिंगला गेली होती. भिंगकाका एकटेच होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पुटकुळी, थेंब, रुमाल. जमिनीकडे बघत सांगितलं. कान इतके तापले होते की माझंच बोलणं मला लांबून ऐकू येत होतं.

ते हसले नाहीत. त्यांनी कप्प्यातून कागद काढला, उजेडावर ठेवला आणि खणातून ब्लेड काढून माझ्या हातात दिलं.

"ज्याचं त्यानेच काढायचं असतं. ब्लेड आडवं धर. खरवडायचं, कापायचं नाही. शाई भुकटी होऊन निघते."

मी खरवडू लागले. भुकटी निघाली नाही. ब्लेडवर ओलं आलं, चिकट. मी ते फडक्याला पुसलं आणि पुन्हा खरवडलं. खालचा कागद लालसर होत गेला. वास आला. भिंगकाकांनी भिंग डोळ्याला लावलं, वाकले, आणि लगेच ताठ झाले. भिंग गळ्यातून काढून त्यांनी खणात ठेवलं. मी त्यांना पहिल्यांदाच भिंगाशिवाय पाहिलं. त्यांची मान फार बारीक होती.

"दुसरा नकाशा ज्यांनी उतरवला," ते म्हणाले, "त्यांच्या हाताखाली मी शिकलो. त्यांनाही वाटलं होतं, डाग आहे. तरी उतरवला. कारण नियम." त्यांनी कागदाकडे बोट केलं. "खरवड. पुरतं खरवड."

मी आठ-दहा वेळा ब्लेड ओढलं. डाग गेला. घराचा दाणाही गेला. तिथे नुसता पातळ झालेला कागद राहिला.

"पुन्हा घर काढू का?"

"काढ. पण..." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "या कागदाचा फोटो परवाच छापखान्यात गेला. आज छापलेले तक्ते शाळांना वाटताहेत."

घरी आले तर पिट्टी रडत होती. तिच्या पोटरीवर आठ-दहा समांतर ओरखडे होते, बारीक, सरळ, एकमेकांना चिकटून.

"मांजर असेल," आई औषध लावत म्हणाली. आमच्या गल्लीत मांजर नाही.

फरशीवरही तेच ओरखडे होते. फुगवटा तसाच होता. आता तो हलत होता, सावकाश, सायीसारखा.

७

गुरुवारी पिट्टीला थोडा ताप होता. आईने तिला पलंगावर निजवलं. "मागच्या खोलीत नको," मी म्हणाले. "तू शाळेत जा," आई म्हणाली. "काल बुडवलीस ते कळलंय मला." बाबांनी मला फाटकापर्यंत सोडलं आणि मी आत जाईपर्यंत स्कूटर हलवली नाही.

चौथ्या तासाला भूगोलाच्या बाई हातात गठ्ठा घेऊन आल्या.

"तक्ता आलाय. आणि कुणी काढलाय माहिती आहे का? आपल्याच वर्गातल्या मुलीने! टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. बेचाळीस प्रती बाकांवरून मागे गेल्या. चार नकाशे शेजारी शेजारी. चौथ्यात, उत्तरेला सहा पायांचं तळं आणि गावाच्या मधोमध आमचं.

"रंग काढा. आधी पाणी. पाण्याला निळा."

पेल्यांत ब्रश खळखळले. मी हात वर केला. नववीच्या वर्षात पहिल्यांदा. बाईंना आधी दिसलाच नाही, मग शेजारच्या मुलीने, जिला सगळे बडबडी म्हणतात, ओरडून सांगितलं, "बाई, हिने हात वर केलाय! हिने!"

"बोल गं."

मी उभी राहिले. "बाई, मधलं ते तळं नाही."

"मग काय आहे?"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी पिट्टीच्या पोटरीचा विचार केला.

"ते माझं आहे," मी म्हणाले. "माझ्या हनुवटीवरची पुटकुळी फुटली आणि ते कागदावर पडलं. तिथे आमचं घर आहे. कृपा करून कुणी रंगवू नका."

मग मागून कुणीतरी "शीऽऽ" म्हणालं आणि सगळा वर्ग फुटला. मुली बाकांवर डोकं टेकून हसत होत्या. बाईंनी डस्टर आपटलं, पण त्यांच्याही ओठांचे कोपरे हलत होते.

"छापलेलं आहे ते, सरकारी. बस खाली. काहीतरी मनाचं सांगू नकोस."

मी बसले. चहूकडे निळे ब्रश खाली उतरले. बडबडी म्हणाली, "अगं, इथे कागद फुगतोय." तिने ब्रश उलटा करून फुगलेलं दाबलं. "शी! कोमट आहे." आणि तरी रंग भरत राहिली, कारण कडेपर्यंत भरला नाही तर गुण जातात.

मी रंग काढला नाही. मी पेन्सिल काढली, टोक केलं, आणि माझ्या प्रतीवर, त्या गोलाच्या आत, पाण्याच्या रेघांवरून, आमचं घर काढायला घेतलं. पुढची खोली. स्वयंपाकघर. मागची खोली, दार, खिडकी. भिंतीला लागून पलंग. इतकं बारीक काम मी कधी केलं नव्हतं. बेचाळीसांत माझी एक प्रत होती. जे आहे ते काढायचं, मी स्वतःला सांगत होते, जे आहे ते.

पलंगावर पिट्टी काढायची राहिली होती. मी टोक टेकवलं. कागद मऊ होता. टोक आत गेलं, पाव इंच, अर्धा इंच. खाली बाक असायला हवं होतं. बाक लागलं नाही. वास आला, फडक्याचा, आणि मागून गोड.

मी पेन्सिल वर ओढली. ती आली नाही.

कुणीतरी आतून टोक धरलं होतं. जोराने नाही. घट्ट, छोट्या मुठीत.

"ब्रश, पेन्सिली खाली ठेवा," बाई म्हणाल्या. "गठ्ठा पुढे द्या."

मुली प्रती गोळा करू लागल्या. बाई माझ्या बाकापाशी येऊन थांबल्या. त्यांची सावली माझ्या कागदावर पडली.

"तुला वेगळं सांगायला हवं का? पेन्सिल सोड."

मी दोन्ही हातांनी ती धरली.

"नाही, बाई," मी म्हणाले. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "नाही सोडणार."